मला पाच वाजता उठवा

कामानिमित्त परगावी गेलेला माणूस लॉजच्या काउंटरवर खोलीची किल्ली घेताना हमखास सांगतो, "मला पाच वाजता उठवा." वाक्य अगदी साधे आहे, परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वेळेवर उठणे हे माझे कर्तव्य. ते मी दुसऱ्यावर सोपवू शकतो काय? आणि सोपवल्यानंतर मी उठलो नाही, तर दोष कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न रोज रात्री उभा राहत असेल. १९८१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आल्यापासून मराठवाड्यातील पक्षकार तारखेच्या आदल्या संध्याकाळी येऊन बसस्थानकाच्या वा रेल्वे स्टेशनच्या आसपास मुक्काम करतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत यंत्रे दुरुस्त करणारे येतात, माल विकणारे येतात. कोणाला पहिल्या पाळीच्या आधी कारखान्याच्या फाटकाशी पोहोचायचे असते, तर कोणाला पहाटेची एस. टी. गाठायची असते. एखाद्याची झोप अर्धा तास लांबली, तर वर्षभर वाट पाहिलेली तारीख हातची जाते.

निजलेल्या माणसाला जबाबदार धरावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात झोपेतील कृत्यांचा विचार केला आहे. झोपेत बुद्धी मोकळी नसते, म्हणून झोपेत जे घडते ते स्वतः पाप ठरत नाही. मात्र त्याचे कारण जागेपणी स्वेच्छेने निर्माण केलेले असेल, तर दोष त्या कारणाकडे जातो. या न्यायाने पाहिले तर उशिरा उठण्याचा हिशेब पहाटे पाचला नव्हे, आदल्या रात्री अकराला सुरू होतो. परक्या गावी आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणून टीव्हीसमोर वा मोबाईलवर मध्यरात्र उलटू देणारा माणूस पहाटेचे अपयश जागेपणीच पेरत असतो.

शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. १९९९ साली जर्मनीतील ल्यूबेक येथील संशोधकांना असे आढळले, की सकाळी सहाला उठवणार हे आधी सांगितलेल्या माणसांच्या रक्तात त्यापूर्वी तासभर जाग येण्याशी संबंधित एक संप्रेरक वाढू लागते. न सांगता सहाला उठवलेल्यांत ते तसे वाढत नाही. म्हणजे रात्री मनाशी केलेला निश्चय देह झोपेतही जपतो. पण २०१६ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग पुरता गाढ झोपत नाही. प्रवाशाचा थकवा ही केवळ सबब नव्हे. निश्चय असूनही माणूस दुबळा असतो आणि त्याला दुसऱ्याची मदत लागते. ती मागण्यात कमीपणा नाही.

प्रश्न आहे तो मागण्याच्या रीतीचा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत याचा बारकाईने विचार केलेला दिसतो. दिवसा असो वा रात्री, प्रार्थनेची वेळ झाल्याचे कळवण्याचे काम त्यांनी खुद्द मठाधिपतीवर सोपवले. त्याने ते स्वतः करावे, नाहीतर अत्यंत दक्ष बंधूकडे द्यावे. रविवारी मठ उशिरा उठला, तर ज्याच्या हयगयीमुळे तसे झाले त्याने देवापुढे प्रायश्चित्त करावे. परंतु उठताना सर्वांनीच एकमेकांना हळुवार साद घालावी, असेही ते सांगतात. कारण झोपाळूंना सबबी सुचायला वेळ लागत नाही.

मठात उठवण्याचे काम सर्वांत थोराकडे आहे. आपण ते सर्वांत धाकट्याकडे देतो. लॉजमधला रात्रपाळीचा पोरगा फाटक सांभाळतो, अवेळी आलेल्यांना पाणी देतो आणि चौघांच्या चार वेळा वहीत टिपून ठेवतो. त्याने दार वाजवले आणि आपण आतून "हो, हो" म्हणून पुन्हा कूस बदलली, तर दोष त्याचा कसा? तरीही दहा वाजता मालकासमोर आपण त्याच्यावरच ओरडतो. आपली एक तारीख गेलेली असते. त्याची कदाचित नोकरी जाते.

तो खरोखरच विसरला, तर त्याचीही चूक आहे. "हो साहेब" म्हणताना त्याने शब्द दिलेला असतो. पण त्याच्या चुकीने माझी चूक पुसली जात नाही. जबाबदारी भाकरीसारखी वाटून निम्मी होत नाही. ती दोघांकडेही अख्खीच राहते. म्हणून आधी वेळेवर निजावे, मोबाईलचा गजर लावावा आणि मगच, गरज वाटली तर, दुसऱ्याला विनंती करावी. विनंती ही आपल्या प्रयत्नाला जोड असावी, त्याची जागा घेणारी नसावी.

हे शहर दरवाजांचे आहे. मलिक अंबरने १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. तटबंदीच्या आत माणसे निर्धास्त निजत, ती कोणीतरी वेशीवर जागे असे म्हणून. लूकलिखित शुभवर्तमानात प्रभू येशू अशाच जागणाऱ्यांविषयी बोलतो. धनी रात्री परततो, दार ठोठावतो आणि सेवक जागे आढळले, तर तो स्वतः कंबर बांधून त्यांना जेवायला बसवतो व त्यांची सेवा करतो. जागणाऱ्याचा असा सन्मान खुद्द धनी करतो, तर आपण पाहुण्यांनी त्याला तुच्छ का लेखावे?

आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांची मुले-मुली आज रात्रपाळी करतात! कोणी परिचारिका आहे, कोणी पहारेकरी, कोणी हॉटेलात नोकर. त्यांच्याशी परक्यांनी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण परगावच्या पोराशी वागावे. रात्री किल्ली घेताना त्याचे नाव विचारावे. पहाटे त्याने दार वाजवले की अंथरुणातूनच "हो" म्हणू नये. उठून दार उघडावे आणि त्याचे आभार मानावेत. म्हणजे त्याला निर्धास्तपणे पुढच्या दाराकडे जाता येईल आणि आपणही खरोखर उठलेले असू.