दत्तजयंतीच्या रात्रीची भरती

उभे राहा. सातही जण. भिंतीला टेकायचं नाही.

ही वही कोणाची, ते मी विचारणार नाही. शेवटच्या तीन पानांवर सात अक्षरं आहेत, आणि इतकी वर्षं तुमचे पेपर तपासल्यावर कोणतं अक्षर कोणाचं हे मला कळतं. नजर खाली घालू नका. माझ्याकडे बघा आणि मी वाचते ते ऐका.

‘देवबाग, त्सुनामी आयलंड. चार कयाक. एक रात्र. दत्तजयंती, फुल मून.’ खाली यादी. तंबू दोन. स्पीकर. ड्रोन. पॉवर बँक तीन. कोळसा दोन किलो, चिकन घरूनच मसाला लावून. पाण्याच्या बाटल्या सहा. सात माणसं, बाटल्या सहा. लाइफ जॅकेटपुढे लिहिलंय, ‘तिथे मिळतील.’ पैशांचा हिशेब अगदी रुपयापर्यंत जुळवलाय. पण या तीन पानांत एक शब्द मी शोधत होते, दोनदा वाचूनही सापडला नाही. भरती. बारावीला भूगोल घेतलेल्या मुलांनी समुद्राच्या तोंडावर रात्र काढायचं ठरवलं आणि भरती हा शब्द एकदाही लिहिला नाही. मला राग आलाय तो याचा.

त्सुनामी आयलंड म्हणजे काय, सांगा. कोणीच नाही? बेट नव्हे ते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, देवबाग आणि भोगवे यांच्या मधे साचलेला वाळूचा दांडा आहे. २००४ च्या त्सुनामीने तो वर आला असं लोक सांगतात, म्हणून ते नाव. त्यावर झाड नाही, विहीर नाही, खडक नाही. ओहोटीला तो उघडा पडतो, दिवसा होड्या तिथे पर्यटकांना उतरवतात आणि तुम्ही मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ त्याच वेळेचा असतो. भरतीचा व्हिडिओ कोणी काढत नाही, कारण तेव्हा काढण्यासारखं तिथे काही उरत नाही.

आता घरी भिंतीवर कॅलेंडर असेल त्यात तिथी बघा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, तिथी पंधरावी. आमच्याकडे शाळेत न गेलेला माणूससुद्धा भरतीची वेळ तोंडी काढतो. तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या आगेमागे एक भरती आणि रात्री सव्वाअकराच्या आगेमागे दुसरी. हे ढोबळ गणित आहे, ठिकाणाप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, नेमकी वेळ कोष्टकातच बघायची. पण एवढ्या गणितानेही तुमची सहल जागच्या जागी थांबली असती.

तुम्ही पाचला पोचणार. पौर्णिमेला पाचच्या सुमारास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, असते. दांडा सगळ्यात मोठा तेव्हाच दिसेल. तुम्ही ऐसपैस तंबू ठोकाल, सूर्यास्ताचे फोटो काढाल. पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, जाणवतही नाही. खरं चढतं ते तिसऱ्या आणि चौथ्या तासात, एकूण चढाच्या निम्मं. पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर सुकती-भरतीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. करा हिशेब. सात ते नऊ, दोन तासांत एक मीटर पाणी. वहीत सात ते नऊपुढे काय लिहिलंय? ‘बार्बेक्यू आणि गाणी.’ त्यातून आपल्याकडच्या दोन भरत्या सारख्या नसतात. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चढती असते. तुम्ही चांदणं बघून दिवस निवडलात. ज्या चंद्रासाठी निवडलात त्यानेच ते पाणी ओढून आणलेलं असतं.

माझं माहेर देवबागचं आहे हे तुमच्यापैकी कोणाला माहीत नसेल, कारण कोणी विचारलं नाही. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली, मधे जमिनीची अरुंद पट्टी. मी अकरा वर्षांची होते. आम्ही चार पोरी तिसऱ्या वेचायला खाडीतल्या एका दांड्यावर गेलो. समुद्राकडे तोंड करून वाकलो होतो, पाणी समोरून येईल तेव्हा दिसेलच या भरवशावर. पाणी समोरून आलं नाही. दांडा आणि किनारा यांच्या मधे जी सखल जागा असते ती आधी भरते. आम्ही मान वर केली तेव्हा पायाखाली कोरडी वाळू होती, आणि मागे जिथून चालत आलो होतो तिथे छातीएवढं पाणी, तेही ओढीचं. एका होडीवाल्याने लांबून पाहिलं म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे. घरी वडिलांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘दर्याक पाठ करू नको.’ त्या रात्री मी जेवले नाही. आज इतक्या वर्षांनी तुमची वही वाचली आणि तेच पाणी मागून आल्यासारखं वाटलं.

मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी एक जण म्हणाला म्हणे, ‘अमेरिकेत लोक करतात ना.’ करतात. नॉर्थ कॅरोलिनाला केप लुकआउट म्हणून किनाऱ्यापासून सुटलेली वाळूची लांबलचक बेटं आहेत. त्यांवर वस्ती नाही, पूल नाही, दुकान नाही. लोक कयाकमधून तिथे जातात आणि तंबूत राहतात. पण ती बेटं भरतीला बुडत नाहीत, त्यांवर वाळूच्या टेकड्या आहेत, गवत आहे. तंबू भरतीच्या रेषेच्या वर ठोकतात. पिण्याचं पाणी घरून नेतात, माणशी रोज चार लिटरच्या हिशेबाने. आणि निघण्याआधी एक कागद किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात देतात. कोण कोण गेलंय, कुठून निघाले, कुठे उतरणार, किती वाजता परतणार, किती वाजेपर्यंत आले नाहीत तर कोणाला फोन करायचा. तुम्ही त्यांचा तंबू उचललात. तो कागद उचलला नाहीत.

आणि तिथली वाळूही जागेवर राहत नाही. त्याच किनाऱ्यावर केप हॅटेरासला १८७० सालचं दीपगृह आहे. समुद्र सरकत सरकत पायथ्याशी आला, म्हणून १९९९ मध्ये ते उंच विटांचं दीपगृह जसंच्या तसं उचलून जवळजवळ नऊशे मीटर आत नेलं. माझ्या माहेरी दीपगृह नाही, माडांच्या बागा आहेत, त्या मी समुद्रात जाताना पाहिल्यात. वाळूचा दांडा मागच्या वर्षी होता तिथे या वर्षी असेलच असं नाही. म्हणून जुना व्हिडिओ म्हणजे नकाशा नव्हे.

वाऱ्याचं काय लिहिलंय? काही नाही. मतलई वारे मी कोणत्या वर्गात शिकवले? आठवीला. पुन्हा नववीला. दिवसा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे. मध्यरात्री भरती संपून पाणी उतरू लागलं की नदीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी एकत्र होऊन मुखातून बाहेर ओढ घेतं. वरून थंडीतला मतलई वारा त्याच दिशेने. कयाक हलकी असते, पानासारखी वाहते. नवशिक्या मुलाचं वल्हं शांत पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर नेतं, तेही तासभरच. नंतर खांदे भरतात. रात्री साडेबाराला तुमच्यापैकी एकाची कयाक सुटली आणि तो तिच्यामागे पाण्यात उतरला, तर तो कुठे जाईल? बोला. नकाशावर बोट ठेवून दाखवा. तोंडाने सांगायला जड जातंय ना? मलाही रात्रभर जड गेलं.

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. आपण लाटंबार्शाची माणसं डोंगराच्या बाजूची, काजूच्या बागायतींतली. यात कमीपणा काही नाही. तिळारीच्या कालव्यात उड्या मारता येतात म्हणून समुद्र कळला असं मात्र नाही, आणि कालव्यात उतरू नका हेही मी शंभरदा सांगितलंय. कळत नाही तेव्हा विचारायचं. तीन पानांत देवबागच्या एकाही माणसाचं नाव नाही. ना रापणीवाल्याचं, ना होडीवाल्याचं. तुम्ही सगळं हॉटेलांच्या जाहिरातींना विचारलंत आणि जो माणूस चाळीस वर्षं त्या मुखातून आतबाहेर करतोय त्याला एक फोन केला नाहीत. त्याने तुम्हाला अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं की पुनवेच्या रात्री तिथे कुत्रंही थांबत नाही.

दुसऱ्या पानावर आहे, ‘नाही जमलं तर मोरजी, टेंबवाडा.’ इथे मला जास्त वाईट वाटलं. आपल्या कालव्यातलं तिळारीचं पाणी ज्या नदीचं, ती पुढे शापोरा होऊन मोरजीलाच समुद्राला मिळते. त्या वाळूच्या टोकावर नोव्हेंबरपासून कासविणी अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले. एका घरट्यात शंभरभर अंडी, ती उबायला दीड-दोन महिने. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते कासव पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, गालजीबाग आणि आगोंद यांची नावं घालून संरक्षण दिलंय. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, कारण रात्री समुद्रच जास्त उजळ दिसतो. तुमचा कंदील, तुमचा कोळसा त्याला उलट्या दिशेला नेईल. आणि किनाऱ्यावर उघड्यावर चूल पेटवायला गोव्यात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, कासव असो वा नसो.

आता घरचं. घरी काय सांगितलंत? ‘शाळेचं एनएसएस शिबिर आहे, टीचर बरोबर आहेत.’ टीचर म्हणजे मी. तुमच्या आया मला बाजारात भेटतात. त्या दिवशी एकजण म्हणाली, ‘टीचर, तुम्ही आहात म्हणून पाठवते.’ मला काहीच कळलं नाही, मी हसून मान हलवली. तुमचे घरचे त्या रात्री साखळीला दत्तवाडीवर दर्शनाच्या रांगेत उभे असते, पोरं टीचरबरोबर आहेत म्हणून निर्धास्त. कोणी शोधायला निघालं नसतं. खोटं बोललात याची शिक्षा वेगळी होईल. पण त्या खोट्याने तुम्ही स्वतःला शोधणारा शेवटचा माणूसही काढून टाकलात, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

शेवटचं पान. सात नावं, पुढे रकाना, ‘स्विमिंग.’ सहा जणांपुढे ‘येतं.’ सातव्यापुढे ‘येत नाही’, आणि त्याच्यापुढे दुसऱ्या अक्षरात, ‘चालेल.’

हे कोणी लिहिलं ते मला माहीत आहे. तू पुढे ये. नाही, रडू नकोस, आधी ऐक. तो तुझा पहिलीपासूनचा मित्र. त्याच्या डब्यातलं तू खातोस. त्याला पोहता येत नाही हे तुला ठाऊक होतं, आणि तू एका शब्दात त्याचा जीव चालवून घेतलास. आणि तू, सातव्या. तू ‘मला जमणार नाही’ असं का म्हणाला नाहीस? हसतील म्हणून? ज्यांच्यासमोर एवढं बोलायची भीती वाटते त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचं नसतं. आणि बाकीचे पाच जण, तुम्ही ते पान वाचलंत आणि पुढे कोळशाचा हिशेब लिहिलात.

बसू नका अजून.

वही माझ्याकडे राहील. संध्याकाळी तुमच्या घरी मी येणार नाही, तुम्हीच सांगायचं, खोटं कुठे बोललात तिथपासून. उद्या पालकांच्या सहीची चिठ्ठी हवी, आणि सही कोणाची हे मला ओळखता येतं.

सोमवारपर्यंत प्रत्येकाने मार्गशीर्ष महिन्याच्या तीसही तिथींची भरती-सुकती काढून आणायची. एकदा पाऊणपटीने, एकदा छापील कोष्टकावरून, आणि दोन्हींतला फरक शेजारी लिहायचा. उधाण कोणत्या तिथींना, भांग कोणत्या तिथींना, ते लाल शाईने. त्याखाली तटरक्षक दलाचा १५५४ आणि १०८, ११२ हे क्रमांक, पाठ करून, मी झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. गोव्याच्या किनाऱ्यावर दृष्टीचे जीवरक्षक किती ते किती असतात, तेही शोधून आणा. ते दिवसाचे असतात. तुमची रात्र त्यांच्या वेळेत बसत नव्हती.

सातव्याने पोहायला शिकायचं. शिकवणाऱ्याशी मी बोलते. ज्याने ‘चालेल’ लिहिलं तो रोज त्याला घेऊन जाईल आणि तो पाण्याबाहेर येईपर्यंत काठावर उभा राहील.

त्याला अर्धा तास न थांबता पोहता आलं, की माघातल्या अष्टमीला मी तुम्हाला देवबागला नेईन. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ओढ मंद, सुकती दुपारी. माझा भाऊ होडी घेऊन बरोबर राहील. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच अंगात चढेल, पट्टे मी स्वतः ओढून बघेन. दांड्यावर आपण दोन तास उतरू आणि पाणी फिरायच्या आत परत येऊ. रात्र माझ्या माहेरच्या अंगणात, तंबू तिथे ठोका. तिथून पहाटेच्या भरतीचा आवाज ऐकू येतो. त्या वेळी मी तुम्हाला उठवीन आणि बॅटरी घेऊन खाडीच्या काठाशी नेईन. दुपारी जिथे उभे होतात ती जागा कुठे आहे, ते तेव्हा मला दाखवायचं.

बसा आता. पान एकोणपन्नास.