दोघांनी उचलायचा दिवा

कारारामधल्या पांढऱ्या संगमरवराचा एक ठोकळा. वजन 60 किलोंहून जास्त. त्याचे कोपरे किंचित तासलेले आहेत, कारण येता-जाता पाय आपटलाच तर धार लागू नये. ठोकळ्यातून आरपार एक गोल भोक गेलेलं आहे. त्यात लांब झाडूचा दांडा घालायचा, दोन्ही टोकांना एकेकाने धरायचं आणि दिवा उचलून न्यायचा. मिलानच्या पिएर जाकोमो आणि आकिल्ले कास्तिल्योनी या भावांनी 1962 साली घडवलेल्या 'आर्को' दिव्याचा हा पाया. चित्रांत आणि जाहिरातींत नजर जाते ती त्यावरून झेपावणाऱ्या पोलादी कमानीकडे. मला मात्र हा दिवा भोकापासून समजायला लागला.

मुळात अडचण अगदी घरगुती होती. जेवणाच्या टेबलावर उजेड वरून पडावा असं वाटतं. त्यासाठी छताला दिवा टांगला की टेबल कायमचं तिथे जखडतं. उभा दिवा ठेवावा तर त्याचा खांब टेबलाला खेटून येतो आणि वाढणाऱ्याची वाट अडवतो. रस्त्यावरचा दिवा ही अडचण केव्हाच सोडवून बसला होता: खांब कडेला, उजेड मधोमध. भावांनी तीच युक्ती घरात आणली. पाया टेबलापासून सुमारे 2 मीटर दूर ठेवला आणि कमान इतकी उंच घेतली, की खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मागून हातात भांडं घेऊन दुसऱ्याला सहज जाता यावं. कमान एकात एक सरकणाऱ्या तीन तुकड्यांची आहे आणि वायर तिच्या पोटातून जाते. डोक्यावरच्या टोपीला भोकं आहेत, ती बल्बची उष्णता बाहेर पडावी म्हणून. एवढी लांब कमान तोलायची तर बुडाशी वजन हवं. तेवढ्याच वजनाचा काँक्रीटचा ठोकळा आकाराने मोठा झाला असता, म्हणून संगमरवर. आणि वजन आलं की ते हलवायचं कसं हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर म्हणजे ते भोक.

एकामागून एक सगळी कारणं अशी सांगता येतात. शोभेसाठी केलेलं त्यात काही नाही. तरीही हा दिवा खोलीत उभा असला की खोलीला लय येते, हे कबूल केल्याशिवाय राहवत नाही. ही लय कुठून येते?

भोकाची कल्पना दोघांपैकी कोणाची होती, ते सांगता येत नाही. त्यांच्या बहुतेक कामांबद्दल असंच म्हणावं लागतं. वडील जान्निनो शिल्पकार. थोरला लिव्हिओ 1911 चा, पिएर जाकोमो 1913 चा, आकिल्ले 1918 चा. तिघेही वास्तुविद्या शिकले. लिव्हिओ 1952 साली वेगळे झाले. तेव्हापासून 1968 पर्यंत, म्हणजे पिएर जाकोमो जाईपर्यंत, हे दोघे मिळून काम करत होते. मिळून काम करण्याचा एक सोपा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे: एकाने कल्पना काढायची, दुसऱ्याने ती तडीस न्यायची, किंवा एकाने आकार बघायचा, दुसऱ्याने हिशेब. या भावांच्या वस्तूंत तशी शिवण दिसत नाही. एकाच प्रश्नाला दोघे एकदम भिडले असावेत असं त्या वस्तूंकडे पाहून वाटतं.

एकटा कलावंत स्वतःशी 'मला हे असंच आवडतं' म्हणू शकतो. तेवढ्यावर काम पुढे जातं, कधी कधी फार सुंदरही होतं. शेजारी बरोबरीचा माणूस बसलेला असेल तर तेवढ्यावर भागत नाही. तो विचारतो, का? मग आवडीला शब्द शोधावे लागतात आणि शब्द सापडले नाहीत तर ती आवड सोडून द्यावी लागते. रोज हे होत राहिलं की हट्ट गळून पडतात आणि कारणं उरतात. माझी अशी धारणा आहे की 'आर्को'ची लय इथून आली. ज्या वस्तूची प्रत्येक रेषा एकदा दुसऱ्याला पटवून द्यावी लागली, ती पुढे तिसऱ्यालाही, म्हणजे वापरणाऱ्यालाही, आपणहून पटते. संस्कृत काव्यशास्त्रातल्या अभिनवगुप्ताने काव्याचं तत्त्व कवी आणि सहृदय, म्हणजे जाणता रसिक, या दोघांत मिळून पाहिलं. दोन भावांच्या या कामात सहृदय वस्तू घडण्याआधीपासून हजर होता. कधी एक भाऊ कवी, दुसरा सहृदय, कधी उलट.

त्यांच्या एका स्टुलाकडे जरा जवळून पाहू. 1957 साली कोमो शहरातल्या व्हिला ओल्मो इथे आजच्या घरातले रंग आणि आकार या विषयावर प्रदर्शन भरलं होतं. तिथे भावांनी दोन बैठकी मांडल्या. एक 'मेझ्झाद्रो'. तिची बैठक म्हणजे ट्रॅक्टरची लोखंडी सीट, जशीच्या तशी, फक्त रंगवलेली. खाली वाकवलेली पोलादी पट्टी, पट्टीच्या टोकाला जमिनीवर टेकणारा लाकडाचा आडवा दांडा आणि सीट धरून ठेवणारा, हाताने फिरवायचा एकच स्क्रू. दुसरी 'सेल्ला': रेसच्या सायकलची सीट, तिच्याखाली गुलाबी खांब आणि बुडाला बिडाचा अर्धगोल. ही सेल्ला फोनवर बोलण्यासाठी. फोनवर बोलताना माणूस धड बसत नाही आणि धड उभाही राहत नाही, तेव्हा त्याला टेकता यावं आणि टेकल्या टेकल्या डोलताही यावं.

अशा वस्तू दिवाणखान्यात आणणं म्हणजे अनौचित्याचा नमुना, असं कोणी म्हटलं तर त्याच्या बाजूने संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्र उभा राहील असं वाटतं. औचित्य हे काव्याचं जीवित, असं तो मानतो आणि दाखला देतो तो दागिन्यांचा: मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला तर हसूच येणार. मग शेतातली सीट फरशीवर आली तर हसू का येऊ नये? हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. कमरेचा दागिना गळ्यात जातो तेव्हा त्याची जागा बदलते आणि कारण मागेच राहतं. ट्रॅक्टरची सीट घरात येताना आपलं कारण बरोबर घेऊन आली. बसणाऱ्याच्या मांड्यांना आधार द्यायचा तो खोलगट आकार तसाच आहे. घाम वाळावा म्हणून ठेवलेली भोकं तशीच आहेत. शेतातले धक्के सोसणारी लवचीक पट्टीही आहे, फक्त तिचं तोंड फिरवलं आहे. इथे धक्के नाहीत, म्हणून तीच लवचिकता बसल्यावर मऊपणासारखी जाणवते. क्षेमेंद्राचं सूत्र मोडलेलं नाही. औचित्य जागेपुरतं नसून कारणात असतं, असं त्या सूत्राचं आणखी एक टोक इथे हाती लागतं.

या स्टुलात आणखी एक भागीदार आहे. कोण्या कारखान्यात, कोण्या अनामिकाने ट्रॅक्टरची सीट पहिल्यांदा घडवली. कास्तिल्योनींनी त्याचं काम पुसलं नाही. अशा बिननावाच्या वस्तूंचा त्यांना मनापासून लळा होता. पुढे आकिल्ले तुरीनला आणि नंतर मिलानला वास्तुविद्या शिकवत तेव्हा मोठी काळी बॅग घेऊन वर्गात येत. तिच्यातून एकेक वस्तू टेबलावर मांडत: बिअरच्या डब्यांपासून केलेली खेळणी, चित्रविचित्र चष्मे, लहानसं लाकडी स्टूल. आपल्याकडची विळी त्या टेबलावर शोभली असती. पाट, पातं आणि खवणी एकत्र, आणि सगळ्याला स्थिर ठेवणारं वजन बाहेरून आणायला नको. चिरणाऱ्याचाच पाय पाटावर असतो. 'आर्को'ला जे संगमरवराने साधावं लागलं ते विळीला वापरणाऱ्याच्या शरीराने साधलं. तिच्यावर कोणाचं नाव नाही, आणि ती एकट्याची असणंही शक्य नाही. कितीतरी जणींनी बसून, हात कापून, कुरबुर करून तिचा कोन ठरवला असणार.

नावाचा विचार इथे टाळता येत नाही. 1968 साली भावांनी दिव्याच्या वायरवरचं एक छोटं बटण केलं, 'रोंपित्राता'. एक बाजू सपाट, एक गोलसर, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. ते लाखोंनी खपलं आणि घेणाऱ्यांना घडवणाऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं. आकिल्लेंना मात्र त्याचाच फार अभिमान होता. त्याच वर्षी पिएर जाकोमो वारले. कोमोला मांडलेला मेझ्झाद्रो झानोत्ता कंपनीने 1971 मध्ये विक्रीला काढला, सेल्ला 1983 मध्ये. आपलं स्टूल लोकांच्या घरात गेलेलं पिएर जाकोमो यांनी पाहिलं नाही. धाकटा 2002 पर्यंत जगला, शिकवत राहिला, कामं करत राहिला, आणि हळूहळू 'कास्तिल्योनी' म्हटलं की एकच चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. 1997 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं तेही आकिल्ले यांच्या नावाने. यात कोणाचा कपटीपणा नाही. मागे राहिलेल्याच्या वाट्याला दोघांची कीर्ती येते. पण मला हे खुपतं. दोन माणसांमधला संवाद ज्या वस्तूत मुरला आहे, ती एका नावाने ओळखली जाऊ लागली की तिच्यातलं 'का?' ऐकू येईनासं होतं. मग आपण कमानीचं कौतुक करतो आणि भोक विसरतो. 'आर्को'च्या नकला निघाल्या, वाद 2011 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोचला. नक्कल करणाऱ्यालाही हवी होती ती कमानच.

भाऊ गेल्यावर आकिल्ले एकट्याने काम करू लागले असं आपण समजतो. 'पारेंतेसी' हा 1971 चा दिवा पाहिला की ते तितकंसं खरं वाटत नाही. पिओ मान्झू हा मोटारी आणि घरगुती वस्तू घडवणारा तरुण 1969 मध्ये, वयाच्या तिशीत, मोटार अपघातात गेला. त्याच्या कागदांत एका दिव्याची कल्पना राहून गेली होती: जमिनीपासून छतापर्यंत सळई उभी करायची, तिच्यावर डब्यासारखा दिवा वर-खाली सरकवायचा आणि पाहिजे तिथे स्क्रूने घट्ट करायचा. आकिल्लेंनी ती कल्पना पुढे नेली, पण तिला प्रश्न विचारून. सळई कशाला? त्यांनी पोलादी तार ताणली. वर छताला हूक, खाली रबराने मढवलेलं वजन. स्क्रू कशाला? त्यांनी कंसासारखी वाकवलेली नळी तारेत ओवली. वाकामुळे तार नळीच्या आत घासते आणि त्या घर्षणानेच दिवा जागच्या जागी राहतो. हाताने ढकलला की सरकतो, सोडला की थांबतो. सगळा दिवा सुट्या भागांच्या पाकिटातून विकला जाई आणि घरी नेऊन घेणाऱ्यानेच तो जोडायचा.

अर्धवट राहिलेल्या चित्राशी केलेला हा वाद आहे, तोही भावाशी होत असेल तितक्याच सडेतोडपणे. मान्झूची सळई गेली, स्क्रू गेला, पण जमिनीपासून छतापर्यंत चढणारा उजेड त्याचाच राहिला. 1979 साली 'पारेंतेसी'ला कॉम्पासो दोरो हा इटलीतला मानाचा पुरस्कार मिळाला. आजही हा दिवा दोन नावांनी विकला जातो, आकिल्ले कास्तिल्योनी आणि पिओ मान्झू.