वाळूची मर्यादा



नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हाशानाच्या दुसऱ्या दिवशी, आपण तोरातील अब्राहाम आणि इसहाक यांचा अध्याय ऐकतो. त्यात परमेश्वर आपल्या पित्याला वचन देतो की तुझी संतती आकाशातील ताऱ्यांसारखी व समुद्रकाठच्या वाळूसारखी होईल. ताऱ्यांवर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली. वाळूकडे कुणी फारसे पाहिले नाही. ती पडली पायाखालची वस्तू. पण यिर्मया संदेष्टा म्हणतो की परमेश्वराने समुद्राला जी मर्यादा घालून दिली ती वाळूचीच, आणि लाटा कितीही गर्जल्या तरी त्यांना ती ओलांडता येत नाही. आम्हाला याचे नेहमी नवल वाटत आले आहे. खडकाची मर्यादा घालता आली असती की!

ज्यांचे बालपण अष्टागरात गेले त्यांनी डोळे मिटून नवगाव आठवावे. परंपरेप्रमाणे फुटलेल्या गलबतातून आपले सात पुरुष व सात स्त्रिया जिथे तरून आल्या तोच हा किनारा. काळ्या कातळाची टोके समुद्रात शिरलेली आणि त्यांच्या मधे कोयत्यासारखी वळलेली पुळण, असा आपला सारा कोकणकाठ. लाट किनाऱ्याजवळ येताना वळते. तिचा जोर टोकावरच्या कातळावर एकवटतो आणि आतल्या बाजूस पसरून मंदावतो. म्हणून कातळ मार खातो आणि त्याच्या कुशीत वाळू विसावते.

आषाढात मात्र हीच पुळण खरवडली जाते. ओळखीची जागा खोल होते, खालचे दगड उघडे पडतात. लहानपणी आम्हाला वाटे, समुद्राने आपला किनारा खाल्ला. प्रत्यक्षात ती वाळू फार दूर गेलेली नसते. उथळ पाण्यात ती आडवा बांध होऊन बसते, मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटतात आणि काठाशी येईपर्यंत त्यांची ताकद सरते. दिवाळीनंतर शांत झालेल्या लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. मग वाऱ्याची पाळी. उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून सुटलेला वारा कोरडी वाळू उडवतो, ती केवड्याच्या बुंध्याशी आणि जमिनीसरपट वेलीत अडकते, टेकाड चढत जाते. पुढच्या पावसाळ्यासाठी हा साठा. त्या जांभळ्या फुलांच्या वेलीचे नाव आठवते ना? मर्यादवेल. कोकणातल्या ज्या कुणी हे नाव प्रथम ठेवले, त्याने यिर्मया वाचलेला नसणार.

वाळू किनाऱ्यावर जन्मत नाही, बरीचशी वरून येते. सौदी अरेबियात हिजाझच्या डोंगरांत ताइफ हे शहर सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. समुद्राशी त्याचा संबंध नाही असेच वाटावे. पण त्या डोंगरांतला दगड उन्हापावसाने फुटतो, अवचित येणारे लोंढे त्याची भरड तिहामाच्या सपाटीवर उतरवतात, आणि पुढचे काम तांबड्या समुद्राच्या लाटा व वारा करतात. याच ताइफविषयी नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलाजुरी लिहितो की येमेन आणि यथ्रिब, म्हणजे मदिना, येथून घालवून दिलेले यहुदी तिथे व्यापारासाठी राहिले होते. तेही जागेवरून सुटलेले कणच. (आपण स्वतः येमेनहून आलो की आणखी कुठून, त्या वादात आज शिरत नाही, जेवायची वेळ टळून जाईल.)

आणि ज्या इस्राएलच्या वाळूवर आपली मुले खेळतात ती तरी कुठली? आफ्रिकेच्या पोटातून नाईल नदीने आणलेली, आणि लाटा व प्रवाहांनी काठाकाठाने उत्तरेस ढकललेली. जुनी वाळू वाऱ्याने रचली, चुन्याने सांधली, तिचाच कुरकार दगड झाला. अश्कलोन व नेतान्याचे कडे त्याचे आहेत. 1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि नाईलचा गाळ वरच अडकला. रशीदच्या मुखाशी किनारा मागे हटला. अश्दोदचे बंदर 1965 मध्ये सुरू झाले. त्याच्या भिंतीच्या दक्षिणेस वाळू साचते. कुरकारचे कडे लाटांनी पायथ्याशी पोखरून ढासळत आहेत.

आम्हाला इथे आपल्या घरांची आठवण येते. 1950 आणि 1960च्या दशकांत भारतातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर थोडी वाळू येत होती: मलिदा कसा करावा हे सांगणारी आत्या, कीर्तनाच्या चाली पाठ असलेले काका. ती नदी आता जवळजवळ आटली. आहे त्या साठ्यावर किनारा टिकवायचा आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, मुलांना बाहेरचा वारा लागू देऊ नका, भिंत घाला. कोकणात दगडी बंधारे घालून पाहिले आहेत. बंधाऱ्यावर आपटलेली लाट त्याच्याच पायथ्याची वाळू उकरून नेते, आणि पुढे पुळण उरत नाही. उलट, वाळू म्हणजे फुकटचा माल समजून ती उपसणारेही आहेत. नवगावजवळच्या किहीमला 2004 साली असा उपसा अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांना मारहाण झाली. घरातला उपसा असा आरडाओरडा करून होत नाही. एका वर्षी मलिद्याला वेळ नसतो, दुसऱ्या वर्षी मराठी बोलायला, आणि आषाढ गेला तरी वाळू परत येत नाही.

गेल्या ताश्लिखला आम्ही अश्दोदच्या पुळणीवर गेलो होतो. प्रार्थना आटोपली, खिसे झटकले. आमच्यातल्या एका नातवाने वाळूत सरपटणारी एक वेल दाखवून आजोबांना नाव विचारले. हिब्रू नाव कुणालाच येईना. आजोबा म्हणाले, ही ती नव्हे, पण आमच्याकडे अशीच एक होती, आणि त्यांनी नाव सांगितले. मुलाने ते दोनदा म्हणून पाहिले. 'मर्याद'पर्यंत ठीक जमले. 'वेल'मधला ल त्याने हिब्रू वळणाचा केला. आजोबांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावले.