तिकिटांचे पुस्तक कोणाच्या दप्तरात?

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडण्याआधीच आपल्या शाळांना नाताळच्या निधीचे वेध लागतात. सोडतीची तिकिटे छापून येतात, आनंदमेळ्याच्या दुकानांची वाटणी होते, सांताक्लॉजचा लाल डगला पेटीतून बाहेर निघतो. यामागची गरज खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासन देते. परंतु गळके छप्पर आणि मोडके बाक यांचा भार मुख्यत्वे संस्थेवरच पडतो. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटू लागल्यापासून तर तो उचलणारे खांदेही कमी झाले आहेत. तेव्हा पैसा मागावा की मागू नये, याविषयी वाद नाही. तो कोणाच्या हातून आणि कशा रीतीने मागावा, येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो.

सोडत हा जुगार नव्हे काय, असे काही भाविक विचारतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात याविषयी समंजस भूमिका घेतलेली आहे. नशिबाचे खेळ तेथे मुळातच अन्याय्य मानलेले नाहीत. स्वतःच्या वा इतरांच्या गरजा भागविण्यास लागणारे द्रव्य त्यांत जाऊ लागले, की मात्र ते अग्राह्य ठरतात. शाळेच्या सोडतीचे एखादे तिकीट घेऊन कोणी संसार उधळील असे आम्हांस वाटत नाही. (हाउजीविषयी मात्र इतक्या खात्रीने बोलवत नाही!)

आमची चिंता निराळी आहे. दहा तिकिटांचे पुस्तक मुलाच्या दप्तरातून घरी जाते. ज्याचे काका-मामा चांगल्या नोकरीत आहेत, त्याचे पुस्तक एका संध्याकाळीच संपते. दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या आईच्या मुलीने मात्र कोणाच्या दारी उभे राहावे? तिच्या ओळखीची सारी घरे तिच्यासारखीच. इकडे वर्गातील फळ्यावर प्रत्येकाच्या विक्रीचा आकडा रोज लिहिला जातो. अखेर आईच उसनवारी करून उरलेली तिकिटे स्वतः घेते आणि शाळेच्या हिशेबवहीत ती रक्कम ऐच्छिक देणगी म्हणून जमा होते. ऐच्छिक या शब्दाची याहून मोठी थट्टा ती कोणती?

दोन दमड्या दानपेटीत टाकणाऱ्या विधवेचा दाखला अशा वेळी आपण प्रवचनांतून हमखास देतो. परंतु मार्कच्या शुभवर्तमानातील बारावा अध्याय थोडा आधीपासून वाचावा. त्या विधवेची कथा येण्यापूर्वीच विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभूने सावध केले आहे. विधवेने आपण होऊन दिले म्हणून ती थोर ठरली. तिच्याकडे कोणी तिकिटांचे पुस्तक पाठविले नव्हते.

ज्यांच्यावरून सांताक्लॉजची कल्पना रूढ झाली, ते मायरा येथील बिशप संत निकोलस चौथ्या शतकातील. एका दरिद्री गृहस्थाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी परंपरा सांगते. देणारा कोण हे कळू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून तो अंधार. आपण मात्र त्यांचाच डगला चढवून देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारतो.

मुलांना निधीच्या कामापासून दूरच ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. जर्मनीत १९५९ पासून मुले तीन राजांच्या वेषात घरोघर जाऊन गातात, दारावर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात आणि मिळालेला निधी जगातील गरजू मुलांसाठी पाठवितात. डेन्मार्कमध्ये १९०४ साली एका टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून क्षयरोगी मुलांसाठी नाताळची तिकिटे निघाली. आपल्या शाळांतही क्षयरोग निवारणाची तिकिटे विकली जात, हे जुन्या पिढीला आठवत असेल. गाणे म्हणणारा मुलगा आपला आवाज देतो, आपला वेळ देतो. त्यात त्याच्या बापाची ऐपत मोजली जात नाही.

तेच सूत्र आपल्या अंगणात आणता येईल. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी कामट्या आणि रंगीत कागदाच्या चांदण्या कराव्यात, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्या मांडाव्यात, पैशांच्या मेजावर मात्र मोठ्यांनी बसावे. तिकिटे हवीतच तर ती पालकांनी पालकांना विकावीत. घरोघरी पाकिटे पाठवायची असल्यास त्यांवर नाव नसावे आणि रिकामे पाकीटही भरलेल्यासारखेच मुकाट्याने स्वीकारावे. अशाने रक्कम कमी जमेल, असे कोषाध्यक्ष म्हणतील. कदाचित खरेच कमी जमेल. छप्पर यंदा अर्धेच शाकारले जाईल, उरलेले पुढील वर्षी. त्या मुलीच्या आईचे कर्ज त्याहून जड आहे, असे आम्ही मानतो.

राहता राहिले संगमरवरी फलकावर आपले नाव कोरले जावे अशी इच्छा असणारे मोठे दाते. त्यांना आमचा फारसा विरोध नाही. प्रौढ माणसाने आपल्या हौसेचे ओझे स्वतः वाहावे. संगमरवराचा खर्च देणगीच्या रकमेतून वळता होऊ नये, एवढी अट मात्र पालक-शिक्षक संघाने घालावी.