कारणाची नोंद

बीडहून मांजरसुंब्यामार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चौसाळा हे बाजाराचे मोठे गाव आहे. दसरा उलटला की या पंचक्रोशीतील ऊसतोड्यांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. आणि त्याच सुमारास तापाने फणफणलेला एखादा मजूर दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो, तेव्हा डॉक्टरांपुढील प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा उरत नाही. ज्वर विषाणूचा असेल तर प्रतिजैविक व्यर्थ आहे, हे ते जाणतात; रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावयाचा तर दोन-तीन दिवसांची मुदत हवी, हेही जाणतात; परंतु तोवर हा मनुष्य ट्रकवर बसून उसाच्या फडात पोहोचलेला असेल, तेथे एका दिवसाचा खाडा पडला तरी मजुरीतून दंड कापला जाईल, आणि फेरतपासणीस येण्याची इच्छा असूनही त्याची ऐपत नसेल, हे त्यांना ढळढळीत दिसत असते. मग सर्व शक्यतांवर एकच तोडगा म्हणून अनेक जंतूंवर चालणारे औषध लिहिले जाते. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. जवळ नसलेली प्रयोगशाळा आणि न होणारी पुनर्भेट यांची भरपाई डॉक्टर औषधाने करीत असतात.

ही सबब मोठ्या रुग्णालयांना मात्र लागू पडत नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, तीत दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती. वास्तविक बहुतेक शस्त्रक्रियांना चीर देण्यापूर्वी तासाभरात दिलेली एक मात्रा पुरते. परंतु वॉर्डातील केसपेपर उलटून पाहावा: पहिल्या दिवशी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एक ग्रॅम, दिवसातून दोनदा, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी घाईच्या अक्षरात ‘सीएसटी’, म्हणजे तोच उपचार पुढे चालू. औषध का आरंभिले आणि कोणत्या दिवशी थांबवावयाचे, याचा तपशील त्या कागदावर बहुधा नसतो. आणि जे आरंभिताना सकारण लिहिले गेले नाही, ते थांबविण्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही.

१ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीने औषध विक्रेत्यास नोंदवहीची सक्ती केली: कोणी लिहिले, कोणास दिले, किती दिले, हे सारे त्याने तीन वर्षे जपून ठेवावयाचे. शिरस्ता चांगला आहे. पण का दिले, हा रकानाच तीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविकासोबत त्याचे कारणही नमूद करण्यास सांगितले, ते मला आजवरच्या सर्व हुकुमांहून मोलाचे वाटते. एकेका डॉक्टरापुढे बाह्यरुग्णांची रांग दाराबाहेर गेलेली असता या लिखाणाने दप्तर मात्र वाढेल, हा आक्षेप खरा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ‘ताप’ एवढा एकच शब्द खरडून वेळ निभावली जाईल, हीही भीती आहे. तरीही माझा आग्रह असा, की कारण लिहावे आणि ते प्रामाणिकपणे लिहावे. ‘तपासणीची सोय नाही’, ‘रुग्ण उद्या ऊसतोडीस जाणार’, अशी कारणे चौसाळ्यासारख्या गावांतून हंगामभर सरकारदरबारी पोहोचू लागली, तर औषधाच्या अतिरेकाचे मूळ कोठे आहे, हे शासनास त्याच्याच कागदांवरून कळेल, आणि डॉक्टरांच्या माथी दोष मारून मोकळे होता येणार नाही.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा या देशात औषधाचेच दुर्भिक्ष होते; आज चौसाळ्यास वाण आहे ती निदानाची. अंबाजोगाईस १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावचे नमुने तेथवर नेणारी गाडी रोज निघावी, अहवाल मजुराच्या मोबाईलवर जावा, आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्याने चौसाळ्याचा केसपेपर पाहून, मजुराचा खाडा न मांडता, औषध बदलावे किंवा बंद करावे, एवढी तजवीज येत्या हंगामापूर्वी व्हावयास हवी.