परीटघडी

परभणीत मे महिन्यात कपड्यांना इस्त्री करणं हा शुद्ध आशावाद आहे. तरी मी जन्मभर इस्त्रीचाच सदरा घातला. मास्तराचा सदरा चुरगळलेला असला की पोरं व्याकरणावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत.

आमचा जिल्हा कापसाचा, कृषी विद्यापीठही १९७२ पासून इथंच. तेव्हा थोडं शास्त्र सांगायचा मला हक्क आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, म्हणजे एकमेकींचा हात धरून बसलेल्या लांबच लांब साखळ्या. धुताना मध्ये पाणी शिरतं आणि हात सुटतात. मग पिळलेला सदरा वाळताना त्या जशा वाकड्यातिकड्या पडल्या असतील तशाच पुन्हा हात धरतात. झाली सुरकुती! इस्त्रीवाला पाण्याचा शिपका मारून ते हात सोडवतो, उष्णतेनं साखळ्या सैल होतात, वजनानं सरळ निजतात, आणि गार झालं की तशाच राहतात. म्हणून गरम सदरा लगेच अंगात घालू नये. मी घालतो आणि हिची बोलणी खातो. अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या बाईंनी १९५० च्या दशकात या साखळ्या रसायनानं एकमेकींना जखडण्याच्या कामात मोठा वाटा उचलला आणि चुरगळायला नाखूश असा सुती कपडा निघाला. आमच्या घरी तो अजून पोचायचाय.

गंमत म्हणजे पँटची क्रीज हीदेखील सुरकुतीच की! फक्त पैसे देऊन पाडलेली, म्हणून प्रतिष्ठित.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मामांचा स्वतःचा सदरा मात्र कायम चुरगळलेला. एकदा विचारलंच. म्हणाले, "गुरुजी, अर्ध्या घंट्यात घाम येतो, निखाऱ्याची धग लागते, वरून वाकून जोर द्यावा लागतो. टिकल कशी?" पाणी, उष्णता, दाब! टेबलावर ज्यानं सुरकुती जाते, त्यानंच ती मामांच्या अंगावर पडते.

हे कळल्यावर तरी माणसानं शहाणं व्हावं. गेल्या वैशाखात भर दुपारी दारात एक गृहस्थ उभे. सदरा जणू बोळा करून अंगात घातलेला. मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "वर्गणी कालच दिली." ते हलले नाहीत. "थांब जरा," म्हणून मी अग्रलेख संपवला. 'थांब'! ज्या तोंडानं तीस वर्षं 'कपड्यावरून माणूस ओळखू नये' हा निबंध सांगितला, त्याच तोंडानं.

मग त्यांनी पिशवीतून हळदकुंकू लावलेली पत्रिका काढली. माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे वडील. पत्रिका द्यायला गंगाखेडहून एस. टी.त उभ्यानं आलेले. मी धावाधाव केली, पाणी दिलं, पंखा वाढवला. पण मनात खुटखुट राहिलीच. ते इस्त्रीत आले असते तर मी नाव-गाव न विचारता "या, बसा" म्हटलं असतं. मग आजवरचं माझं "या, बसा" माणसाला होतं की परीटघडीला? ही म्हणाली, "दोघांनाही नव्हतं, तुम्ही पेपर वाचत होतात." बायको अशा वेळी बाजू घेते की काढते, हे मला अजून उमगलेलं नाही.

लग्नाला गेलो. निघताना अंगात कडक परीटघडी, गंगाखेडला उतरलो तेव्हा नुसता बोळा. मांडवाच्या दाराशी शुभ्र इस्त्रीचा सदरा, फेटा घातलेले एक रुबाबदार गृहस्थ पुढं आले, हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं, पाणी मागवलं. मी आभार मानले आणि आदबीनं विचारलं, "मुलीचे वडील कुठं भेटतील हो?"

ते हसले. "मीच की, गुरुजी."