‘एक साल और’ : हक्क की हिशेब?

‘नीट’चा निकाल लागला की आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी आमच्याकडून दहावी करून दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेली असते. पण मोहल्ल्यात विचारायचे कोणाला, म्हणून पाय जुन्या शाळेकडेच वळतात. मुलाला वैद्यकीय प्रवेश मिळण्याची आशा संपलेली असते आणि प्रश्न एकच असतो, “सर, एक साल और दे दें क्या?”

या वाक्यातले ‘दे दें’ आम्हांला नेहमी विचारात पाडते. वर्ष ही जणू बापाच्या खिशातली वस्तू, ती काढून मुलाच्या हातावर ठेवायची. पण ते वर्ष मुळात आहे कोणाचे? ज्या मुलाच्या आयुष्यातून ते जाणार त्याचे, कर्ज काढणाऱ्या बापाचे, की ज्या धाकट्या बहिणीची शिकवणी त्यासाठी बंद होणार तिचे? पुन्हा परीक्षेला कधी बसावे, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. आमच्या मते तो आधी नीतीचा आहे.

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन तयार उत्तरे आहेत. एक, ‘हिम्मते मर्दां, मददे खुदा’. दुसरे, ‘नसीब में नहीं था’. पहिल्या उत्तराने थांबणारा प्रत्येक जण भित्रा ठरतो, दुसऱ्याने पुन्हा उभा राहणारा प्रत्येक जण हट्टी ठरतो. ‘सब्र’ हा शब्दही आपण दोन्ही बाजूंनी वापरतो. गप्प बसा म्हणायचे असेल तरी सब्र, आणि टिकून राहा म्हणायचे असेल तरी सब्र. दोन्ही उत्तरे आपल्याला विचार करण्याच्या त्रासातून सोडवतात, एवढेच.

आपल्या सभा-संमेलनांत अशा वेळी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव हमखास घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यातली नेमकी गोष्ट काय आहे? त्यांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या निवडीत २५ उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा आला आणि घ्यायचे होते आठ. ते निराश झाले, पण आयुष्यभर त्याच दारावर धडका देत बसले नाहीत. १९५८ मध्ये संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले आणि आकाशाकडे दुसऱ्या वाटेने गेले. म्हणजे ज्यांचे उदाहरण आपण ‘सोडू नकोस’ म्हणून देतो, त्यांनी एक दार सोडले होते. त्यांनी सोडले म्हणून सर्वांनी सोडावे, असेही नाही. थोरांच्या चरित्रांतून आपला निर्णय आयता मिळत नाही.

आता परीक्षेकडे पाहू. ही परीक्षा वर्षातून एकदाच होते. किती वेळा बसावे याला मर्यादा नाही. पंचविशीची वयोमर्यादाही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणजे कायद्याने हे दार बंद होतच नाही. ते कधी बंद करायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ठरवता न आल्यामुळे अनेक घरांत तीन-तीन, चार-चार वर्षे नुसती वाहून जातात. दुसरी बाजू आकड्यांची. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली, १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर होत्या. ‘बच्चा क्वालिफाय हुआ’ म्हणून पेढे वाटले जातात तेव्हा पात्र होणे आणि प्रवेश मिळणे यांतले हे अंतर पालकांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : कमी काय पडले? गुणांकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा २०२३ मध्ये ७२० पैकी १३७ होती, २०२४ मध्ये ती १६२ झाली आणि २०२५ मध्ये १४४ वर उतरली. एका वर्षी जे गुण पुरतात ते दुसऱ्या वर्षी पुरत नाहीत. पाहायचा तो देशातला आणि राज्यातला क्रमांक. आणि कधी कधी कमी पडतो तो कागद. मोमीन, बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी असे आपल्यातले अनेक समूह महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. पण बापाने कधी जातीचा दाखला काढलेला नसतो, काढला असेल तर वैधता प्रमाणपत्र नसते, ते असेल तर नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली असते. अशा घरात मुलाने आणखी एक वर्ष रात्री जागवण्याआधी बापाने चार दिवस तहसील आणि जात पडताळणी समितीच्या पायऱ्या चढणे न्यायाचे होईल.

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे भाषा. दहावीपर्यंत ज्याने ‘हयातियात’ शिकले, त्याच्यापुढे अकरावीला अचानक इंग्रजीतले बायॉलॉजी येते. पेशीचे काम त्याला ठाऊक असते, पण तिच्या अवयवांची नावे नव्याने पाठ करावी लागतात. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका २०१८ पासून उर्दूतही मिळते, पण कनिष्ठ महाविद्यालयातली विज्ञान शाखा, शिकवणीवर्ग, सरावाचे पेपर सारे इंग्रजीत असल्याने तो पर्याय घेणारी मुले थोडीच. अकरावीचे पूर्ण वर्ष शब्द समजण्यात जाते, बारावीला विषय समजू लागतो आणि तोवर मे महिना येतो. या मुलाचा पहिला प्रयत्न हा खऱ्या अर्थाने प्रयत्नच नसतो. ज्याला आपण दुसरा म्हणतो, तो त्याचा पहिला असतो.

याला जोडून एक वस्तुस्थिती सांगायला हवी. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. त्या राज्यात वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा बसणाऱ्यांचे प्रमाण ‘नीट’ आल्यानंतर ७० टक्क्यांच्या वर गेल्याचे त्यात नोंदले आहे. म्हणजे ज्यांना एक वर्ष विकत घेणे परवडते ते विकत घेतात आणि पुढे जातात. अशा वेळी हातमागाच्या, यंत्रमागाच्या, हातगाडीच्या घरातल्या मुलीला आम्ही शिक्षकांनी ‘बेटा, हकीकत को समझो’ असे सांगणे हे शहाणपण नव्हे, अन्यायाला दिलेली संमती आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मुलाची स्वतःची इच्छा असेल तर पहिले ‘एक साल और’ हा त्याचा हक्क आहे. तो त्याने अजिजी करून मागावा लागू नये.

पण दुसऱ्या ‘एक साल और’ला हा न्याय लावता येत नाही. तेथे हिशेब द्यावा लागतो, आणि तो गुणांचा नसून बदलाचा असतो. मागच्या वर्षी आणि येत्या वर्षी यांत वेगळे काय असणार आहे? तोच वर्ग, तीच खोली, त्याच नोट्स आणि ‘इस बार ज्यादा मेहनत करूंगा’ एवढेच उत्तर असेल तर ते वर्ष मागणे नव्हे, निर्णय पुढे ढकलणे आहे. आम्ही अशी मुले पाहतो, ज्यांना आता डॉक्टर व्हायचे नसते. पण ‘लोग क्या कहेंगे’ या भीतीने ती पुन्हा फॉर्म भरतात. आणि असे बापही पाहतो, जे ‘दो साल लगाए, अब छोडें कैसे’ म्हणतात. गेलेली दोन वर्षे गेलीच. ती वसूल करण्यासाठी तिसरे गहाण टाकण्यात शहाणपण नाही. दुसऱ्याच्या इच्छेसाठी जगलेल्या अशा वर्षांचे ओझे किती असते हे कोट्याने दाखवले आहे. तेथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी वसतिगृहातल्या पंख्यांना स्प्रिंग लावण्याचा आदेश प्रशासनाला द्यावा लागला.

हिशेबात घरातली दुसरी माणसेही येतात. मोठ्याच्या लातूरच्या शिकवणीसाठी धाकट्या बहिणीला अकरावी सायन्सऐवजी आर्ट्सला घालणारी घरे आमच्या माहितीत आहेत. तिला कोणी विचारत नाही. तिचे वर्षही ‘दिले’ जाते, फक्त भावाला. आणि तीच मुलगी एकदा अपयशी झाली तर पुन्हा बसण्याचा प्रश्न येत नाही, रिश्त्याचा प्रश्न येतो. मुलाच्या एका वर्षाला आपण तयारी म्हणतो आणि मुलीच्या त्याच वर्षाला उशीर. खर्चाची सबब तर पूर्वीइतकी टिकत नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ करण्यात आले आहे. पहिले पुन्हा हा हक्क मानायचा तर तो दोघांचा मानावा लागेल.

राहिला ‘कधी’चा प्रश्न. निकालाच्या आठवड्यात तर मुळीच नाही. त्या दिवसांत घरात दुःख असते आणि दारात शिकवणीवर्गांची पत्रके, अमुक तारखेच्या आत आलात तर फीमध्ये सूट. प्रवेशाच्या फेऱ्या पुढे काही महिने चालतात. त्या चालू असताना बीएस्सीचा किंवा फार्मसीचा अर्ज भरून ठेवावा, अभ्यास थांबवू नये, पण कर्जाच्या कागदावर सही करू नये. आपल्या मुलांसाठी बीयूएमएसचा मार्गही आहे आणि तोही आता ‘नीट’च्याच गुणांवर मिळतो. मात्र तेथे एक नैतिक अट आम्ही घालू इच्छितो. युनानी मनापासून शिकायचे असेल तरच ती जागा घ्यावी. ‘तब तक बैठ जाता हूं’ म्हणून जागा अडवायची आणि पुढच्या वर्षी सोडायची, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या कुणाचे तरी वर्ष आपण घेतले असे होते. आणि पुन्हा बसायचे ठरले तर शेवटची तारीखही त्याच दिवशी ठरवावी. परीक्षेच्या किती फेऱ्या, त्यानंतर कोणती वाट, हे मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहावे आणि आई-बापाने ते मान्य करावे.

शेवटी थोडे आपल्या सर्वांबद्दल. दर वर्षी शहरोशहरी गुणगौरव समारंभ होतात. ज्याला प्रवेश मिळाला त्याच्या गळ्यात हार, हातात ट्रॉफी, बॅनरवर फोटो. हे व्हावेच. पण ज्याचा क्रमांक थोडक्यात हुकला त्याच्यासाठी त्या मंडपात खुर्ची नसते. खरे तर पैशाची, पुस्तकांची, रात्री दिवा चालू ठेवता येईल अशा शांत खोलीची गरज त्यालाच अधिक असते. यशस्वी मुलाला दिलेली ट्रॉफी कपाटात राहते. त्याच पैशांत मोहल्ल्यात एक अभ्यासिका चालू शकते, इंग्रजी-उर्दू दोन्ही संज्ञा समजावणारा एखादा वर्ग चालू शकतो, दोन-चार मुलींचे दुसरे वर्ष निभावू शकते.

पहिले पुन्हा हा हक्क आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा त्याचा खर्च एकट्या बापावर टाकून मोकळे होण्याचा अधिकार आम्हांला राहत नाही. येत्या जूनमध्ये जो पालक दारात येईल, त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्याआधी मुलाला आत बोलवावे, खुर्चीवर बसवावे आणि विचारावे, “बेटा, तुला काय हवे आहे?” आम्ही पाहिले आहे, पुष्कळ मुलांना हा प्रश्न तोवर कोणीच विचारलेला नसतो.